कंपूच्या तोफा आणि गिअरबॉक्सचे तेल : भार ओढण्याच्या उष्णतेचा इतिहास



आपण ज्या वस्तीत जमलो आहोत तिचे नाव लष्करी आहे. महादजी शिंदे यांच्या सेवेत असलेल्या बेन्वा द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीने १७८४ पासून कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्यांच्या ब्रिगेडी ‘कंपू’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्या तळाचे लष्कर हे शहर झाले आणि कंपूचे नाव आपल्या वस्तीला चिकटले ते कायमचेच. अशा ठिकाणी मालमोटारीच्या गिअरबॉक्समधील तेल किती तापते, या विषयावर बोलावे हे काहींना विपरीत वाटेल. परंतु कंपू ही लढणाऱ्यांची जशी वस्ती होती, तशीच ती ओढणाऱ्यांचीही होती, आणि इतिहासग्रंथांत ओढणाऱ्यांच्या वाट्याला फार थोडी पाने येतात.

तोफ ओढणे म्हणजे काय, हे फ्रान्स्वा बर्निए याने औरंगजेबाच्या १६६० च्या दशकातील काश्मीर प्रवासाच्या वर्णनात नोंदविले आहे. काही तोफा इतक्या जड होत्या की त्यांना बैलांच्या वीस-वीस जोड्या लागत, आणि चाक रुतले की मागून हत्ती रेटा देत. द बॉयनच्या तोफा याहून हलक्या व चपळ होत्या, तरी ओढणारा प्राणी बैलच होता. बैलाचा थकवा डोळ्यांना दिसतो. तोंडाला फेस येतो, जीभ बाहेर पडते, पाय अडखळतो, आणि गाडीवान जू उतरवतो. गाडीचा थकवा मात्र आसाजवळ साठतो. म्हणूनच आपल्याकडे ‘ओंगण’ हा शब्द आहे. आसाला ओंगण घातले नाही तर चाक करकरते, लाकूड तापते, प्रसंगी धुमसू लागते. ओझे ओढताना खर्च झालेल्या शक्तीचा एक वाटा नेहमीच उष्णता होतो आणि ती उष्णता कोठेतरी साठते, हे ज्ञान आपल्या गाडीवानाला कोणत्याही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकापूर्वी होते.

ओढणारा निकामी झाला की काय होते याचे उदाहरण २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत सापडते. शिंद्यांच्या तोफांच्या माऱ्याने वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज इतके मारले गेले की त्याच्या तोफा मागेच राहिल्या आणि पायदळाला त्यांच्याविना पुढे जावे लागले. लढाई त्याने जिंकली, शिंद्यांच्या तोफाही त्याच्या हाती पडल्या. तरीही त्या दिवशी त्याच्या तोफांना खिळवून ठेवले ते बैलांच्या मरणानेच.

आता याच शहरातून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याकडे वळू. पूर्वीचा हा तीन क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग कसाऱ्याचा थळ घाट, सेंधव्याजवळचा बिजासन घाट आणि मानपूरजवळचा घाट चढून आपल्यापर्यंत येतो. या रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या धावलेल्या मालमोटारींना हाताने बदलायचे गिअर होते. तेथे चढावरची उष्णता क्लचच्या पट्टीवर निघे आणि उतारावरची ब्रेकच्या ड्रममध्ये. जळक्या पट्टीचा वास आला की चालकाला कळे की गाडी थांबवायला हवी. हा वास म्हणजे बैलाच्या तोंडचा फेसच होय.

स्वयंचलित गिअरबॉक्सने मात्र हा थकवा पेटीच्या आत, तेलात नेऊन ठेवला. त्याची सुरुवात समुद्रावर झाली. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये द्रवाच्या द्वारे शक्ती पोहोचविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, ते जहाजाच्या वेगवान टर्बाइनला मंदगती पंख्याशी जोडण्यासाठी. एक चक्र तेल भिरकावते, ते तेल समोरच्या चक्राला फिरवते आणि दोहोंमध्ये धातूचा स्पर्शही नसतो. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स बाजारात आणला आणि दुसऱ्या महायुद्धात तोच हलक्या रणगाड्यांत बसविला गेला. तोफ ओढण्याचे काम पुन्हा एकदा नव्या यंत्राच्या माथी आले!

द्रवाच्या या जोडणीत चक्रांमध्ये नेहमी थोडी घसरण असते, आणि ती जितकी अधिक तितके तेल अधिक घुसळले जाऊन तापते. सुमारे दीडशे किलोवॉटचे इंजिन जड भार घेऊन हळूहळू घाट चढत आहे आणि टॉर्क कन्व्हर्टर ऐंशी टक्केच शक्ती पुढे देत आहे, असे समजा. उरलेले तीस किलोवॉट, म्हणजे एक किलोवॉटच्या तीस विजेच्या शेगड्या, तेलात पेटलेल्या असतात. पेटीत वीस लिटर तेल असेल आणि कूलर नसेल, तर ते दर सेकंदाला जवळजवळ एक अंश तापेल. नव्वदावरून एकशेवीसवर जायला अर्धा मिनिट पुरे. सपाट रस्त्यावर वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही चक्रांना घट्ट जोडतो, घसरण संपते आणि तापमान खाली येते. म्हणूनच ताशी ऐंशीने धावणारी भरलेली गाडी निवांत असते आणि गर्दीत पावलापावलाने सरकणारी तीच गाडी होरपळते.

सर्वसाधारण प्रवासात तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअस असणे हे प्रकृतीचे लक्षण. मागे ट्रेलर किंवा दुसरी गाडी जोडून चढ चढताना ते १०५-११० पर्यंत जाणे हे श्रमाचे लक्षण आहे, रोगाचे नव्हे. १२० च्या पुढे मात्र दीर्घकाळ राहू देऊ नये, कारण तेलाचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते, त्यावर राळेसारखा थर धरतो, रबरी सील कडक होतात आणि अखेर क्लचपट्ट्या घसरू लागतात. मग घसरण वाढते आणि उष्णताही. दर दहा-अकरा अंशांनी तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा कारखान्यांतला जुना ठोकताळा आहे. तो खनिज तेलांच्या काळातला आहे आणि मी त्याला पोथीतले वचन मानत नाही, कारण आजची कृत्रिम तेले अधिक सोसतात आणि काही नव्या पेट्या मुद्दामच शंभराच्या आसपास चालवितात. शिवाय तापमान कोठे मोजले, हेही पाहावे लागते. कन्व्हर्टरमधून नुकतेच निघून कूलरकडे जाणारे तेल थोडा वेळ १४० पलीकडे गेले तरी तळाच्या टाकीतले तेल शंभराखाली असू शकते. दोन चालक दोन वेगळे आकडे सांगून भांडतात, तेव्हा अनेकदा दोघेही खरे असतात.

येथे आपल्या ग्वाल्हेरचा उन्हाळा आडवा येतो. उष्णता बाहेर जाते ती तेल आणि हवा यांच्या तापमानातील अंतरामुळे. पंधरा अंशांच्या हवेत ८५ वर स्थिरावणारे तेल, हवेने सरळ थंड होत असेल आणि भार तोच असेल, तर आपल्या ४५ अंशांच्या ज्येष्ठात ११५ च्या आसपास जाईल. कूलर रेडिएटरच्या पाण्यात असेल तर तेल त्या पाण्यापेक्षा थंड होणेच शक्य नाही. थंड देशांतल्या पुस्तकातला आकडा येथे जसाच्या तसा लावणे म्हणूनच धोक्याचे.

हे यंत्र आपल्या गावाला अगदीच परके नव्हते. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत पसरलेल्या दोन फुटी अरुंद रेल्वेवर वाफेची इंजिने गेल्यावर द्रवचालित डिझेल इंजिने आली. श्योपूरच्या गाडीच्या गर्दीला, टपावर बसलेल्यांसह, हे तेलच ओढत होते. ती गाडी मार्च २०२० मध्ये थांबली. द्रव आणि यांत्रिक जोडणीची सांगड घालणारी ‘सुरी ट्रान्समिशन’ ही पद्धत मनमोहन सुरी या आपल्याच रेल्वे अभियंत्याची, आणि तिच्यासाठी त्यांना १९६२ चा भटनागर पुरस्कार मिळाला. आपल्या शाळांत फ्योटिंगरचे नाव कोणी सांगत नाही हे समजू शकते, पण सुरींचेही सांगत नाहीत.

आपल्याकडच्या मालमोटारींत आजही हाताचे गिअरच अधिक आहेत. नव्या गाड्यांत ‘ऑटोमॅटिक’ म्हणून जे येते त्यात पुष्कळदा जुनाच क्लच यंत्राने दाबला जातो, तेव्हा तापते ती पट्टीच. टॉर्क कन्व्हर्टरचे गिअरबॉक्स मुख्यतः खाणींतल्या डंपरांत, शहरी बसगाड्यांत आणि लष्कराच्या जड वाहनांत आढळतात. परंतु बंद पडलेल्या गाडीला साखळी लावून ‘टोचन’ करण्याची आपली रीत जुन्या गिअरांच्या काळात घडली, आणि तीच या नव्या पेटीला लावली जाते. हिचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना मागची चाके रस्त्यावर फिरली की आतली चक्रे फिरतात, पण त्यांना तेल पोहोचत नाही. तापमापकाचा काटा अशा वेळी काहीच सांगत नाही, कारण तापते ते तेल नसून कोरडा धातू असतो. म्हणून अशी गाडी ओढण्यापूर्वी मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा लागतो किंवा मागची चाके उचलून धरावी लागतात. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि रात्री घाटात, मागे वाहनांची रांग लागलेली असताना, ते कंटाळवाणे वाटते. जुना गाडीवान लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी चाक काढून आसाला ओंगण घालीत असे. तेही कंटाळवाणेच काम होते.