वाहत्या पाण्याचा हिशेब

वाहत्या नदींत चाक सोडलें, तर तिच्या वेगांतील किती शक्ति माणसाच्या हातीं लागते? प्रश्न दिसतो साधा. परंतु एका विद्वान् गणितज्ञाच्या उत्तरानें पाणचक्क्या बांधणारांची अर्धें शतक दिशाभूल केली.

१७०४ सालीं पॅरिसच्या आंत्वान पारां यानें असें दाखविलें कीं, चाक प्रवाहाच्या एक-तृतीयांश वेगानें फिरलें म्हणजे सर्वांत अधिक काम मिळतें, आणि तें प्रवाहाच्या शक्तीच्या अवघें ४/२७, म्हणजे शेंकडा पंधराहूनही कमी असतें. गणित निर्दोष होतें. गृहीत मात्र सदोष! नदींत एकट्या धरलेल्या फळीला जो नियम लागतो, तोच त्यानें पाटांतील चाकाला लावला. पाटांत पातीं एकामागून एक येतात, आणि एकावर न आदळलेलें पाणी दुसऱ्यावर आदळतें. तरीही मॅक्लॉरिनसारख्या पंडितांनीं तें उत्तर शिरोधार्य मानलें.

हें उत्तर कसास लावलें तें जॉन स्मीटननें. लीड्सजवळचा हा गृहस्थ मूळचा उपकरणें बनविणारा. १७५२-५३ च्या सुमारास त्यानें दोन फूट व्यासाचें चाक तयार केलें. पंपानें पाणी वर चढवावयाचें, तें चाकावर सोडावयाचें, आणि चाकानें दोरीचें वजन किती उंच उचललें तें मोजावयाचें, असा त्याचा क्रम. घर्षणांत किती शक्ति खर्ची पडते, हेंही त्यानें निराळें मोजलें. मला त्याची खरी थोरवी येथेंच दिसते. १७५९ सालीं त्यानें रॉयल सोसायटीपुढें निष्कर्ष मांडले: खालून धक्का बसणारें चाक फार तर एक-तृतीयांश शक्ति देतें, वरून पाणी पडणारें दोन-तृतीयांशांपर्यंत. त्याच वर्षीं त्यास कोप्ली पदक मिळालें. १७६७ त फ्रान्सच्या बोर्दानें पारांची चूक तत्त्वतः उलगडली.

खुल्या नदीचें कोडें मात्र राहिलेंच, कारण तेथें पाण्याला बाजूनें निसटावयास वाट असते. सगळी शक्ति काढूं म्हटलें तर पाणी चाकाशींच थबकेल, आणि मागून येणारें वळसा घालून निघून जाईल. १९२० सालीं गॉटिंगेनच्या आल्बर्ट बेट्झनें पवनचक्कीसाठीं ही मर्यादा ठरविली: १६/२७, म्हणजे शेंकडा ५९.३. पाण्यालाही तीच लागू. लँचेस्टरनें इंग्लंडांत १९१५ सालींच ती मांडली होती. नांव मात्र बेट्झचें राहिलें. छेदांत पुन्हां तोच २७ पाहून श्रोत्यांनीं गूढ शोधूं नये. दोन्हीकडे घनाचा हिशेब आहे, इतकेंच.

सेकंदास एक मीटर वेगाच्या प्रवाहांत दर चौरस मीटरमागें ५०० वॉट असतात. त्यांतले तीनशेही हातीं येत नाहींत. वेग दुप्पट झाला कीं शक्ति आठपट होते! म्हणून पात्यांच्या घडणीइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व जागेला आहे. १९८० नंतरच्या दशकांत तेव्हांच्या सुदानमधील जुबा येथें नाईलच्या प्रवाहांत टर्बाइन सोडून शेतीला पाणी उपसलें, तें धरण न बांधतां. उत्तर आयर्लंडांत स्ट्रँगफर्डच्या चिंचोळ्या सामुद्रधुनींत तर भरती-ओहोटीचा लोंढाच कामीं आला: २००८ सालीं तेथें सोळा-सोळा मीटर व्यासाचीं दोन चाकें बसविलीं, आणि त्यांची क्षमता १२०० किलोवॅट होती. २०१९ सालापर्यंत तें यंत्र समुद्रांतून काढून घेण्यांत आलें.