शरद ऋतूची सीमा : ऋतुचर्या, अगस्त्योदय आणि मराठीतील ऋतुवाचक शब्द

(१)

आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू, हे समीकरण आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे त्याचा फेरविचार करीत नाही. दरवर्षी घटस्थापनेच्या सुमारास दिनदर्शिकांतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून शरद ऋतूतील आहारविहाराची जी सूचनावली प्रसिद्ध होते, तीही याच समीकरणावर उभी असते : कडू रस घ्यावा, दही वर्ज्य करावे, पित्तशमनासाठी विरेचन घ्यावे, चांदण्यात बसावे. या सूचना बहुतांशी जुन्या वैद्यकसंहितांतून आलेल्या आहेत, यात शंका नाही. परंतु संहिताकारांना शरद कधी सुरू होतो असे अभिप्रेत होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. संहिता, ज्योतिषग्रंथ आणि भाषा या तिन्हींची साक्ष एकत्र तपासली असता शरद हा महिन्यांच्या जोडीने बांधलेला ऋतू नसून दोन तीव्र ऋतूंमधील सांधा होता, असे दिसून येते. हे प्रतिपादन सिद्ध करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

प्रथम शब्दाचा विचार करू. ऋग्वेदात ‘शरद्’ हा शब्द ऋतू या अर्थाने येतो, तसाच ‘वर्ष’ या अर्थानेही येतो. शंभर शरद जगावे ही प्रार्थना सर्वांच्या परिचयाची आहे. हा अर्थविस्तार केवळ भारतीय नव्हे. अवेस्तेत ‘सरॅद्’ आणि प्राचीन फारसीत ‘थर्द’ हे सजातीय शब्द वर्षवाचकच आहेत, आणि त्यांच्याच परंपरेतून आधुनिक फारसी ‘साल’ सिद्ध झाला. म्हणजे मराठीत फारसीच्या द्वारे आलेला ‘साल’ आणि संस्कृतातून घेतलेला ‘शरद’ हे एकाच मुळाचे दोन वंशज आहेत. पाऊस या अर्थाच्या ‘वर्षा’शी संबद्ध असलेला ‘वर्ष’ हा शब्दही असाच संवत्सरवाचक झाला. ज्या ऋतूने वर्षाचा हिशेब पुरा होतो त्याचे नाव वर्षाला मिळते; धान्य पिकण्याचा हा काळ होता, हे येथे लक्षात घ्यावे. यास्काने निरुक्तात या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती दिल्या आहेत : ज्यात वनस्पती पक्व होतात तो, किंवा ज्यात पाणी ओसरते तो. व्युत्पत्ती म्हणून त्या ग्राह्य असोत वा नसोत, यास्काच्या काळी हा शब्द ऐकताच पिकलेले शेत आणि निवळलेले पाणी डोळ्यांपुढे उभे राहत होते, एवढे त्यावरून निश्चित होते.

याहून बोलकी साक्ष पाणिनीची आहे. शरदासंबंधीचे ते ‘शारद’ हा सामान्य नियम. परंतु श्राद्धाविषयी ‘शारदिक’ असे रूप व्हावे, आणि रोग व ऊन यांविषयी दोन्ही रूपे विकल्पाने व्हावीत, असे अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. व्याकरणकार लोकांच्या तोंडी असलेल्या रूपांसाठीच स्वतंत्र सूत्र खर्ची घालतो. ‘शारदिक रोग’ आणि ‘शारदिक आतप’ हे शब्दप्रयोग पाणिनीच्या काळी इतके रूढ होते की त्यांची वेगळी दखल घेणे त्याला भाग पडले. शरदातील ऊन बाधते आणि शरदात आजार वाढतात, हा अनुभव पित्तसंचयाच्या सिद्धांतावर अवलंबून नव्हता. वैद्यकाने त्या लोकानुभवाला शास्त्राची भाषा दिली, असेच म्हणावे लागते.

(३)

आता संहितांकडे वळू. चरकाच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात वर्षाचे आदान व विसर्ग असे दोन भाग केले आहेत. वर्षा, शरद आणि हेमंत हे विसर्गकाळातील ऋतू. पावसाळ्यात थंडाव्याला सरावलेल्या शरीरावर एकाएकी सूर्यकिरण पडले की साचलेले पित्त प्रकुपित होते, ही त्यामागील उपपत्ती आहे. म्हणून मधुर व तिक्त रस, लघु व शीत अन्न, साळीचा भात, जव, गहू, कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप, विरेचन आणि रक्तमोक्षण हे विहित. तर तेल, वसा, क्षार, दही, पाणथळ प्रदेशातील प्राण्यांचे मांस, दिवसाची झोप, पूर्वेचा वारा आणि दव ही वर्ज्य. वाग्भटाने अष्टांगहृदयात मूग, आवळा, पडवळ, मध व साखर यांची भर घातली. संध्याकाळी चंदन, वाळा व कापूर यांची उटी लावून, मोत्यांचे अलंकार घालून गच्चीवर चांदण्यात बसण्यास सांगितले. आणि पोट भरून जेवणे व तीव्र मद्य या दोहोंचा निषेध केला. एक सूक्ष्म भेद सहसा नजरेतून सुटतो : चांदणे विहित आहे, परंतु दव निषिद्ध आहे. म्हणजे चांदण्यात बसावयाचे ते संध्याकाळी, दव पडू लागेपर्यंतच.

ही चर्या केव्हा पाळावयाची? येथे संहितांमध्ये एकच उत्तर नाही. सुश्रुताच्या ऋतुचर्याध्यायात दोन गणना शेजारी शेजारी आढळतात. पहिल्या गणनेत इष व ऊर्ज, म्हणजे आश्विन-कार्तिक, हा शरद आहे. दुसऱ्या गणनेत शिशिर वगळून प्रावृट् हा ऋतू घातला आहे. तेथे भाद्रपद-आश्विन ही वर्षा होते आणि शरद कार्तिक-मार्गशीर्षावर सरकतो. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, म्हणजे दृढबलाने पूर्ण केलेल्या भागात, शोधनकर्मासाठी शरद म्हणजे ऊर्ज व सह, अर्थात कार्तिक-मार्गशीर्षच धरावा असे सांगितले आहे. वाग्भट ऋतुचर्येच्या अध्यायात माघापासून महिने मोजतो, म्हणजे त्याचा शरद आश्विन-कार्तिकाचा. तरीही साचलेले पित्त काढून टाकण्यासाठी तो कार्तिक महिना नेमून देतो. यावरून असा निष्कर्ष निघतो की आहाराचा शरद आणि शोधनाचा शरद हे ग्रंथांना एक वाटत नव्हते. आश्विनाच्या आरंभीच विरेचन घेण्याची आजची सूचना या भेदाकडे दुर्लक्ष करते.

या दुहेरी गणनेचे कारण चरकाच्या विमानस्थानात स्पष्ट झाले आहे. तेथे वर्षाचे मुळात तीनच ऋतू मानले आहेत : थंडीचा हेमंत, उष्णतेचा ग्रीष्म आणि पावसाची वर्षा. त्यांच्यामधील प्रावृट्, शरद आणि वसंत हे ‘साधारण’ लक्षणांचे. तीव्र ऋतूंत शरीर अगोदरच पीडित असते. पावसात औषधींचेही वीर्य मंदावते. म्हणून शोधन साधारण ऋतूंतच करावे. येथे शरदाची व्याख्या महिन्यांनी केलेली नसून दोन टोकांमधील अंतराने केली आहे. आणखी एक मत टीकाकारांनी नोंदविले आहे : गंगेच्या दक्षिणेस पाऊस अधिक, म्हणून तेथे प्रावृट् व वर्षा असे दोन वेगळे ऋतू मानावेत, उत्तरेस थंडी अधिक, म्हणून तेथे हेमंत व शिशिर. महाराष्ट्राच्या दृष्टीने या मताचे महत्त्व उघड आहे. आपण गंगेच्या दक्षिणेचे असूनही उत्तरेची गणना पाठ करीत आलो आहोत.

(४)

ज्योतिषाचा या चर्येशी संबंध मुख्यतः अगस्त्याच्या ताऱ्यामुळे येतो. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले, काळाने परिपक्व झालेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले पाणी ते हंसोदक. शरदात स्नान, पान व अवगाहन यांसाठी ते अमृतासमान, असे चरक म्हणतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत अगस्त्यचारावर स्वतंत्र अध्यायच लिहिला. त्यात गणित व फल एकमेकांत मिसळलेले आहेत. तारा रुक्ष दिसल्यास रोग, कपिल दिसल्यास अवर्षण, हे फलाचे अंग. उदयाची वेळ प्रत्येक देशात गणिताने वेगळी काढावी, आणि उज्जयिनीस तो सूर्य कन्या राशीपासून सात अंश अलीकडे असता दिसतो, हे गणिताचे अंग. पहाटेच्या अंधारात अरुणाचे किरण नुकतेच शिरत असताना, ज्योतिषाने दाखविलेल्या दक्षिणेच्या भागाकडे राजाने अर्घ्य द्यावे, असा विधीही तेथे आहे. फलाचा भाग बाजूस ठेवला तरी निरीक्षणाचा भाग खरा आहे. अगस्त्य पाणी शुद्ध करीत नाही. पावसाचा जोर ओसरल्यावर गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. परंतु हा काळ ओळखण्याची खूण म्हणून तारा उपयोगी पडत होता.

ही खूण महिन्यांपेक्षा अधिक टिकाऊ ठरली, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. संपातचलनामुळे निरयन महिने ऋतूंच्या मानाने पुढे सरकतात. वराहमिहिराच्या काळी तूळ संक्रांत शरत्संपाताच्या आसपास, म्हणजे आजच्या गणनेने २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास होत असे. आज ती १७ ऑक्टोबरच्या सुमारास होते. साहजिकच आश्विन मासही तीन आठवड्यांहून अधिक पुढे गेला आहे. उलट अगस्त्य क्रांतिवृत्ताच्या दक्षिण कदंबाजवळ असल्याने त्याच्या उदयकालात सायन वर्षाच्या मानाने फार थोडा फरक पडला : वराहमिहिराच्या अंशांवरून उज्जयिनीचा उदय ऑगस्टच्या मध्यास येतो, आणि आजही तो ऑगस्टच्या उत्तरार्धातच होतो. दक्षिणेकडे जावे तसा तो आधी दिसतो. पुण्यास तो उज्जयिनीच्या काही दिवस आधी उगवतो. मात्र त्या वेळी आपले आकाश ढगांनी भरलेले असते. महाराष्ट्रात अगस्त्य गणिताने आधी उगवतो आणि डोळ्यांना नंतर दिसतो. तो दिसू लागला म्हणजे ढग हटू लागले, हाच त्याचा खरा ऋतुसंकेत.

१९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीने ऋतू सायन मानाने बांधले. २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत भाद्र २३ ऑगस्टला सुरू होतो, आणि त्या व्यवस्थेत शरद भाद्र-आश्विनाचा ठरतो. खगोलदृष्ट्या ती व्यवस्था निर्दोष आहे. परंतु भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईहून नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतण्याची सामान्य तारीख ८ ऑक्टोबर आहे. तेव्हा सप्टेंबरातील कोकणाला शरद म्हणणे आकाशाला मान्य असले, तरी जमिनीला मान्य होणारे नाही. सुश्रुताची दुसरी गणनाच येथे अधिक जुळते.

(५)

मराठी भाषेची साक्षही याच दिशेने जाते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे तीन शब्द अनुक्रमे उष्णकाल, ‘पाऊस’ आणि काल यांचा संयोग, व हिमकाल यांपासून आले. तिन्ही तद्भव, तिन्ही सर्वांच्या तोंडचे. आणि ते नेमके विमानस्थानातील तीन तीव्र ऋतू आहेत. मधल्या साधारण ऋतूंना मराठीत असे घडीव नाव नाही. ‘शरद’ व ‘वसंत’ हे तत्सम शब्द पुस्तकांतून आले. खुद्द ‘पाऊस’ हा शब्द ‘प्रावृष्’चा वंशज आहे : गंगेच्या दक्षिणेचा म्हणून सांगितलेला ऋतू नाव म्हणून लोपला, पण त्याने आपला शब्द सगळ्या पावसाला दिला. शरदातील उन्हासाठी आज सर्रास ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. पाणिनीच्या काळी ज्याला ‘शारदिक आतप’ असा रूढ शब्द होता, त्याच अनुभवासाठी मराठीला इंग्रजीचा आधार घ्यावा लागला.

लोकव्यवहार मात्र महिन्यापेक्षा सूर्यनक्षत्रावर चालतो. सूर्य हस्त नक्षत्रात जातो, साधारणतः २७ सप्टेंबरच्या सुमारास, तेव्हापासून हादगा मांडतात. पाटावर हत्ती काढून मुली भोवती फेर धरतात. हादगा या वृक्षाचे संस्कृत नावही अगस्त्य किंवा अगस्ति असेच आहे, आणि त्याच्या फुलांची भाजी या दिवसांत होते. म्हणून ‘हादगा’ची व्युत्पत्ती ‘हस्त’पासून लावण्याचा मोह होतो. परंतु ‘हस्त’चे मराठीत नियमाने ‘हात’ होते व ‘हस्तिन्’चे ‘हत्ती’. ‘हादगा’तील दकार त्या नियमात बसत नाही. शब्दांचे नाते सिद्ध होत नसले तरी कालाचे नाते पुरेसे आहे : हस्ताचा पाऊस, अगस्त्याचे झाड आणि आश्विनातील चांदणे ही एकाच संधिकाळाची चिन्हे आहेत. कोजागरीला आटवलेले दूध चांदण्यात ठेवण्याची रीत हंसोदकाच्या कल्पनेशी समांतर आहे. तीतून थेट उतरली, असे म्हणण्यास आधार नाही.

(६)

सारांश, शरदाची ऋतुचर्या तीन घड्याळांवर चालत होती : आकाशातील तारा, जमिनीवरील पाऊस आणि शरीरातील बदल. महिन्याचे नाव ही या तिघांची केवळ सोयीची चिठ्ठी होती. पुढील परंपरेने चिठ्ठी जपली आणि घड्याळे बंद पडू दिली. वाग्भटाने ऋतुसंधीचा जो नियम सांगितला, तो या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे : सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला सप्ताह मिळून संधी, त्यात जुनी चर्या क्रमाने सोडावी, नवी क्रमाने धरावी, एकाएकी बदल करू नये. शार्ङ्गधराने कार्तिकाचे शेवटचे आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस ‘यमदंष्ट्रा’ म्हणून दाखवून त्या काळात अल्पाहार सांगितला, तोही सांध्याविषयीच्या याच सावधपणामुळे.

आजच्या वाचकाला हा भेद केवळ पांडित्याचा वाटू नये. पावसाळ्यानंतर वाढणारा हिवताप डासांमुळे होतो, हे १८९७ पासून ज्ञात आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला ‘शरदातील पित्त’ म्हणून रेचक देणे हा जुन्या ग्रंथाचा आदर नव्हे. ग्रंथांनी शोधनाला काळ, देश आणि शरीर पाहून मर्यादा घातल्या होत्या. दिनदर्शिकेच्या पाठीवरील सूचनेत त्या मर्यादाच गळून पडतात. अभ्यासकाने संहितांतील मासगणना आज्ञा म्हणून न वाचता प्रादेशिक साक्ष म्हणून वाचाव्यात. त्या कोणत्या आकाशाखाली आणि कोणत्या पावसाच्या प्रदेशात लिहिल्या गेल्या, हे त्या स्वतःच सांगतात.