अष्टमीची बोली : आधी कान, मग व्याकरण

कुंडलिकेच्या काठी, रोह्याला लागून असलेल्या अष्टमीहून भाषाविज्ञानाची एक शैक्षणिक चित्रफीत-वाहिनी सुरू करण्याचे आम्ही योजिले आहे. पहिल्या पाठात वर्णविचार शिकवावा की माणसे ऐकवावीत, या आमच्यातल्या वादाचे मूळ मात्र १९०५ सालापर्यंत जाते.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड त्या वर्षी निघाला. आगरी, कोळी, कातकरी या आमच्या जिल्ह्यातल्या बोलींना त्यात स्थान मिळाले, ही थोडी गोष्ट नव्हे. परंतु तुलनेसाठी प्रत्येक बोलीत एकच मजकूर मागवला गेला : बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा. स्थानिक कथनाचा दुसरा नमुनाही योजनेत होता, हे खरे. पण मिठागरावरचे बोलणे त्या भाषांतरित कथेत यावे कसे? शिवाय 'पडला'चे 'परला', 'पाणी'चे 'पानी' लिपीत उतरते. वाक्याचा हेल उतरत नाही.

डेक्कन कॉलेजने २०१७ पासून राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात लोकांची कथने ध्वनिमुद्रित झाली. आम्हांला ही रीत अधिक पटते.

म्हणून पहिला पाठ कातकरी बोलीचा असावा. ज्या मुलाचे बोलणे वर्गात 'अशुद्ध' ठरते, त्याची आजी तिथे स्वतःची हकिकत सांगेल. तिच्या संमतीने, तिच्या नावानिशी. नाम, क्रियापद, विभक्ती हे सारे नंतर, तिच्याच वाक्यांवरून.