शिर्डीचं मिसिंग रजिस्टर

10 ऑगस्ट 2017 रोजी मध्य प्रदेशातलं एक कुटुंब शिर्डीत साईबाबांच्या समाधीचं दर्शन घेऊन बाहेर पडलं. त्यानंतर घरातली बाई दुकानात म्हणून गेली आणि परतलीच नाही. नवऱ्याने गावभर शोधलं, पोलिसांत खबर दिली. मिसिंग रजिस्टरला एक नोंद वाढली.

सज्ञान माणसाच्या बाबतीत कागद बहुतेकदा इथेच थांबतो. मूल हरवलं तर थेट गुन्हा नोंदवून तपास सुरू करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी बजावलं. सज्ञान माणूस घरी आला नाही, एवढ्याने मात्र गुन्हा होत नाही. मिसिंग दाखल होते, वायरलेसवरून वर्णन जातं, फोटो फिरतो. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला, पण मिसिंगची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. त्यामुळे उघड्या कागदपत्रांवरून बेपत्ता माणसांचा माग काढू पाहणाऱ्याला पहिली अडचण इथेच येते. चोरीला गेलेल्या मोटारसायकलचा एफआयआर घरबसल्या वाचता येतो. हरवलेल्या बाईच्या तपासात पुढे काय झालं, ते कुठेच वाचायला मिळत नाही.

या बाईबद्दल ते मिळालं, कारण तिच्या नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. नोव्हेंबर 2019 मध्ये न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एस. एम. गव्हाणे यांच्या खंडपीठाने दिलेला आदेश हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. शिर्डीतून एका वर्षात 88 हून अधिक माणसं बेपत्ता झाल्याचं न्यायालयाने त्यात नोंदवलं. बेपत्ता होणाऱ्यांत स्त्रिया बऱ्याच आहेत, आणि हरवलेला माणूस गरीब असला की नातेवाईक हतबल होतात, फार थोडे न्यायालयापर्यंत पोहोचतात, हेही म्हटलं. मानवी तस्करी किंवा अवयवांचा व्यापार या दिशेनेही तपास व्हावा, त्यासाठी जिल्हा पोलीस अधीक्षकांनी स्वतंत्र पथक नेमावं, असे निर्देश दिले.

आदेशातला हा शेवटचा भाग नीट वाचायला हवा. न्यायालयाने शक्यता तपासायला सांगितली होती, ती सिद्ध झाल्याचं म्हटलं नव्हतं. बातम्यांमधून फिरताना मात्र तिचं पाहता पाहता 'शिर्डीत तस्करी' होऊन गेलं. कागदावरून इतिहास लिहिणाऱ्याने न्यायालयाचा प्रश्न आणि न्यायालयाचा निष्कर्ष यांत गल्लत करता कामा नये.

88 हा आकडा वाचताना त्या काळची शिर्डीही समोर हवी. साईबाबांची समाधी 15 ऑक्टोबर 1918 ची, म्हणजे 2017 च्या दसऱ्यापासून शताब्दी वर्ष. साईनगर शिर्डी स्टेशन 2009 पासून सुरू झालेलं, जवळच्या काकडी गावातला विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 ला. शिवाय कोपरगाव आणि मनमाडची जुनी स्टेशनं, आणि रात्रंदिवस वाहणारा नगर–मनमाड रस्ता. इथे हरवलेला माणूस आणि त्याला शोधणारा, दोघेही परगावचे. खबर देणाऱ्याला दोन दिवसांत परतीची गाडी गाठायची असते. नंतर पोलीस ठाण्यात खेटे घालणारं, चौकशी करणारं कुणी गावात उरत नाही. ज्याने तीन वर्षं पाठपुरावा केला, त्याच्या एका चिकाटीमुळे बाकीच्यांची मोजदाद झाली, हे मला या प्रकरणातलं सर्वांत मोठं काम वाटतं.

पुढची मोजदादही न्यायालयापुढेच आली. 2017 पासून ऑक्टोबर 2020 पर्यंत 279 जणांची मिसिंग दाखल, त्यांतल्या 67 जणांचा शोध लागलेला नव्हता. म्हणजे 212 माणसं सापडली होती. ती कुठे सापडली, स्वतःहून परतली की कुणी आणली, जिवंत होती का, यातलं काहीही त्या दोन आकड्यांतून कळत नाही. शोधाची पद्धत सुधारायची तर खरा अभ्यास या 212 जणांचाच करायला हवा.

डिसेंबर 2020 मध्ये याचिकेतली बाई सापडली, इंदूरमध्ये, सुखरूप. ज्या प्रकरणातून तस्करीच्या तपासाचे निर्देश निघाले, त्याचा शेवट असा झाला. पण ती मिळाली म्हणून उरलेल्यांबद्दलची शंका फिटत नाही. प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे.

उघड्या माहितीवरून शोध घेण्याचं तंत्र इथे नेमकं कुठे उपयोगी पडेल? कॅनडातली ट्रेस लॅब्स ही संस्था स्वयंसेवकांकडून बेपत्ता व्यक्तींची जाहीर माहिती गोळा करते आणि पोलिसांकडे सोपवते. बेपत्ता माणसाशी किंवा त्याच्या घरच्यांशी स्वयंसेवकांनी परस्पर संपर्क साधायचा नाही, हा तिथला कडक नियम. आपल्याकडेही असं काम झालं आहे. पाकिस्तानातून 2015 मध्ये परतलेल्या मूकबधिर तरुणीचं घर शोधताना इंदूरचे ज्ञानेंद्र पुरोहित यांनी तिने खुणांनी सांगितलेलं स्टेशन, नदी, ऊस, भुईमूग यांची सांगड रेल्वेमार्गांशी घातली. तो माग मराठवाड्यात आला, आणि तिथे परभणीच्या पहल फाउंडेशनच्या साहाय्याने 2021 मध्ये तिची आई मिळाली.

शिर्डीच्याच नगर जिल्ह्यात बेपत्ता माणसांच्या या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. नगर तालुक्यातल्या शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माउली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळतं. त्यांतल्या कित्येकींना गाव सांगता येत नाही. इकडे पोलीस ठाण्यात नाव आहे पण माणूस नाही, तिकडे माणूस आहे पण नाव नाही. या दोन्ही याद्या आणि अनोळखी मृतदेहांच्या नोंदी, या तिन्ही एकमेकींशी पुन्हा पुन्हा ताडून पाहणं हे बिनभपक्याचं, चिकाटीचं काम आहे. ते प्रशिक्षित स्वयंसेवक पोलिसांच्या देखरेखीखाली करू शकतात.

देखरेखीचा आग्रह अशासाठी, की बेपत्ता प्रत्येक जण हरवलेलाच असतो असं नाही. मारहाणीतून सुटायला घर सोडलेल्या बाईचा फोटो पत्त्यासह व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला, तर शोधणाराच तिला पुन्हा त्या घराच्या तोंडी देतो. सज्ञान स्त्री सापडली तर आधी तिचा जबाब, आणि घरच्यांना तिचा पत्ता द्यायचा की फक्त ती सुखरूप आहे एवढंच कळवायचं, हे तिने ठरवायचं. तपास बंद झाल्यावर फोटो उतरवण्याची जबाबदारी ज्याने तो टाकला त्याची. आणि मिसिंगच्या जाहीर यादीत नाव-पत्ता न देता 'कशी सापडली' एवढा एक रकाना वाढवला, तरी पुढच्या 279 जणांबद्दल विचारायला कुणाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.