मजा, लज्जत आणि भोग

'मजा' या शब्दाचा मूळ अर्थ काय? मजाच, दुसरं काय, असं वाटेल. पण फारसीत 'मजा' म्हणजे चव! आणि 'लज्जत'? आपण जिला चव म्हणतो ती अरबीत म्हणजे सुख, आनंद. दोघंही पाहुणे म्हणून मराठीत आले आणि जाता जाता त्यांच्या चपलांची अदलाबदल झाली. चवीचा शब्द आनंदाला गेला, आनंदाचा चवीला. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दोन व्हेरिएबल्स स्वॅप झाली आणि तरी प्रोग्रॅम व्यवस्थित चालतोय :) 1959 साली गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्या पापडांचं 'लिज्जत' हे नाव म्हणजे याच लज्जतीचं गुजराती वळण.

असं का होतं? कारण चव आणि आनंद यांच्यातली भिंत मुळातच पातळ आहे. संस्कृतात 'रुच्' म्हणजे आधी चमकणं, मग आवडणं. त्यातून 'रुची' आली, ती जिभेलाही असते आणि गाण्यालाही. 'स्वादु' हा तर इंग्रजीतल्या 'स्वीट'चा लांबचा चुलतभाऊ. आणि 'रस' म्हणजे आधी झाडाचा किंवा फळाचा द्रव. भरताच्या नाट्यशास्त्रात सरळ स्वयंपाकाचीच उपमा आहे: नाना पदार्थ घालून केलेलं अन्न जेवणारा जसा चवीने खातो, तसा प्रेक्षक भावांची चव घेतो. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने त्यासाठी 'चर्वणा' हा शब्द वापरला. चर्वणा म्हणजे चक्क चावणं! शाळेत 'कवितेचे रसग्रहण करा' हा प्रश्न सोडवताना आपण काय करत होतो, हे बाईंनी असं सांगितलं असतं तर चार मार्क जास्त पडले असते.

इथवर सगळं गोड आहे. पण या यादीत एक शब्द असा आहे की तो घशाखाली सहज उतरत नाही. 'भोग'.

धातू 'भुज्'. त्यातून भोजन आलं. उपभोग आला. देवापुढचा छप्पन भोग आला. आणि त्यातूनच 'काय आपले भोग!' पण आलं. खाणं, मजा करणं आणि सोसणं, तिन्ही एकाच धातूतून. याचं कारण कर्मविचारात सापडतं. केलेल्याचं फळ गोड असो की कडू, ते 'भोगायचं' असतं. मूळ शब्द तटस्थ, पण बोलण्यात आपण कडूच जास्त ठेवलं. हिंदीने तर त्यातून 'भुगतना' केलं आणि 'भुगतान' म्हणजे पैसे चुकते करणं, तेही केलं.

अजून एक शाखा आहे. जमीन. गुप्तांच्या काळात प्रांताला 'भुक्ति' म्हणत. आणि आजचा सातबारा काढून बघा, त्यावर 'भोगवटादार' लिहिलेलं असतं. म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात, तो तिचा 'खाणारा'.

आता हे सगळे अर्थ एकाच ठिकाणी भेटतात असा भाग बघायचा तर नकाशावर उधवा शोधा. पालघर जिल्हा, तलासरी तालुका, पलीकडे दादरा-नगर हवेली. वारल्यांचा मुलूख. 1945 च्या आधी या पट्ट्यात जमीन सावकार-जमीनदारांच्या हातात होती आणि कसणारे वारली होते. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून 'खावटी' घ्यायची. खावटी म्हणजे खाण्यापुरतं उसनं धान्य, सुगीला ते वाढवून परत करायचं. लग्नासाठी कर्ज घेतलं तर नवरा-बायको दोघंही 'लग्नगडी' म्हणून सावकाराकडे राबायचे. वर वेठ होतीच, म्हणजे फुकटची मजुरी. एकाचा भोग म्हणजे उपभोग, दुसऱ्याचा भोग म्हणजे नशीब. शब्द तोच.

23 मे 1945 ला झरी गावात (आज तलासरी तालुका, तेव्हा उंबरगाव) हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरवलं. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांचं नेतृत्व होतं. पुढची लढाई गवताची. मुंबईच्या तबेल्यांना इथलं गवत जायचं. 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, एवढीच मागणी! 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. संप मात्र मोडला नाही. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवलंय. पुस्तक 1970 चं, 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. वाचलं नसेल तर या वीकेंडला जरूर वाचा.

माझ्या मते या उठावाची खरी कमाई अशी की 'भोग' या शब्दाचा एक अर्थ लोकांनी नाकारला. हे आमच्या नशिबात लिहिलेलं नाही, ते कुणीतरी आमच्याकडून काढून घेतंय, हे कळलं. मग 1 एप्रिल 1957 ला, कूळकायद्याच्या 'कृषक दिनी', कायद्याने कूळ हाच जमिनीचा खरेदीदार मानला गेला. सोसणाऱ्याने भोगवटादार व्हायचं, निदान कागदावर. कागदावरून शेतात उतरायला मात्र पुढेही झगडावं लागलं.

'खावटी' शब्द काही गेला नाही. फक्त सावकाराकडून सरकारकडे आला. कोविडच्या वर्षात, 2020 मध्ये, महाराष्ट्र सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी जी योजना पुन्हा सुरू केली तिचं नाव खावटी अनुदान: 4000 रुपये, अर्धे रोख, अर्धे वस्तूंच्या रूपात. परत करायचे नाहीत. शब्द तोच, पण त्यातलं व्याज गेलं.

समानार्थी शब्दांची यादी वाचताना आपण समजतो की सगळे शब्द एकाच रांगेत उभे आहेत. आस्वाद, उपभोग, भोग, काहीही उचला. पण आस्वाद घ्यायला आधी पोट भरलेलं लागतं. रसिक आणि लग्नगडी यांच्यात जीभ वेगळी नसते, ताटात काय पडतं आणि ते कुणाच्या नावावर आहे, एवढाच फरक असतो.