आयडा बी. वेल्स : झुंडशाहीविरुद्ध पुराव्याचा लढा

प्रस्तावना :
अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचा इतिहास सामान्यतः इ.स. १९५५ च्या माँटगोमेरी येथील बस बहिष्कारापासून सांगितला जातो. तथापि तिची पायाभरणी त्यापूर्वीच झाली होती. आयडा बी. वेल्स (१८६२-१९३१) यांचे कार्य हा त्या पायाभरणीचा महत्त्वाचा भाग होय. प्रस्तुत लेखात त्यांच्या धैर्याचे स्वरूप तपासले आहे.

जडणघडण :
मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज येथे १६ जुलै १८६२ रोजी गुलामगिरीत त्यांचा जन्म झाला. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आई-वडील मृत्यू पावले. सोळा वर्षांच्या आयडा यांनी भावंडांच्या पालनपोषणासाठी शिक्षिकेची नोकरी पत्करली. पुढे रेल्वेच्या महिला डब्यातून त्यांना बळाने उतरविण्यात आले, तेव्हा त्यांनी कंपनीवर दावा दाखल केला. १८८४ मध्ये ५०० डॉलर भरपाई मंजूर झाली. परंतु १८८७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. मेम्फिसमधील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुरवस्था वृत्तपत्रातून मांडल्यामुळे १८९१ मध्ये त्यांची नोकरीही गेली.

झुंडबळींची चिकित्सा :
९ मार्च १८९२ रोजी मेम्फिस येथे थॉमस मॉस व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तुरुंगातून ओढून नेऊन झुंडीने ठार केले. मॉस हे आयडा यांचे स्नेही. त्यांचे किराणा दुकान एका श्वेतवर्णीय दुकानदाराला स्पर्धक ठरले होते. झुंडबळींच्या समर्थनार्थ स्त्रियांच्या अब्रूचे कारण पुढे केले जाई. येथे ते मुळीच नव्हते. म्हणून आयडा यांनी अन्य घटनांचा शोध घेतला. मे १८९२ मध्ये त्यांच्या ‘फ्री स्पीच’ या पत्राचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले. त्या शहराबाहेर असल्यामुळे बचावल्या.

त्याच वर्षी ‘सदर्न हॉरर्स’ या पुस्तिकेत त्यांनी आठ वर्षांतील ७२८ बळींपैकी केवळ एकतृतीयांश व्यक्तींवर बलात्काराचा आरोप होता, हे दाखवून दिले. विशेष म्हणजे ही आकडेवारी श्वेतवर्णीयांच्याच ‘शिकागो ट्रिब्यून’ या पत्रातील होती. १८९३ व १८९४ मध्ये ब्रिटनचा दौरा करून त्यांनी हा प्रश्न अमेरिकेबाहेर नेला.

निष्कर्ष :
न्यायालयात पराभव, नोकरीचा अंत, पत्राचा विध्वंस असे आघात एकामागून एक होऊनही त्यांनी प्रत्येक वेळी नवे साधन हाती घेतले. त्यांच्या हयातीत झुंडबळीविरोधी संघराज्यीय कायदा झाला नाही; तो २९ मार्च २०२२ रोजी अस्तित्वात आला. म्हणून तात्कालिक यश हा त्यांच्या कार्याचा निकष ठरू शकत नाही. प्रतिपक्षाच्या नोंदींतूनच प्रतिपक्षाचे असत्य सिद्ध करणे, हे त्यांचे खरे योगदान होय. इतिहासाच्या अध्यापकांनी त्यांच्याकडे वीरांगनेइतकेच संशोधक म्हणूनही पाहणे अगत्याचे आहे.