गर्दी, परिषद आणि चलत्प्रतिमा : येवल्याच्या संदर्भात

चंगळवादाच्या चिकित्सेत ‘गर्दी’ ही संज्ञा बहुधा गृहीत धरली जाते. गर्दीत शिरलेली व्यक्ती विवेक हरवून सूचनावश होते, ही ग्यूस्ताव्ह ल बाँ यांनी १८९५ मध्ये केलेली मांडणी त्या गृहीताच्या मुळाशी आहे. व्हिडिओकलेने या गृहीताला छेद दिला. रिचर्ड सेरा आणि कार्लोटा फे स्कूलमन यांच्या ‘टेलिव्हिजन डिलिव्हर्स पीपल’ (१९७३) या कृतीत निळ्या पडद्यावर केवळ मजकूर सरकत राहतो आणि मागे विरंगुळ्याचे संगीत वाजते. दूरचित्रवाणी प्रेक्षकालाच जाहिरातदाराच्या हाती सोपवते, हा तिचा युक्तिवाद. येथे गर्दी स्वभावतः अविवेकी नसते. ती घडवली, मोजली आणि विकली जाते.

तथापि या युक्तिवादातही समूहाच्या वाट्याला कर्तेपण येत नाही. मराठी भाषाव्यवहार येथे उपयुक्त भेद सुचवितो. गर्दी ‘होते’, जमाव ‘जमतो’, परिषद मात्र ‘भरवली’ जाते. बाजारही भरतो, हे खरे. परंतु बाजार उठल्यावर मागे व्यवहार उरतात, परिषद उठल्यावर ठराव उरतो.

या भेदाचा ऐतिहासिक प्रत्यय येवल्यात येतो. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पाच वर्षांच्या अनुभवानंतर, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यातील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले आणि परिषदेने मंदिरप्रवेशाचा लढा थांबविण्याचा निर्णय घेतला. ज्या प्रवेशासाठी लाठ्या सोसल्या, तोच प्रवेश आता नको, असे हा समूह म्हणत होता. समोर मांडलेल्या वस्तूची इच्छा धरणे हे ग्राहकसमूहाचे लक्षण मानले, तर येवल्याचा समूह त्याच्या नेमक्या विरुद्ध टोकाला उभा दिसतो. शिवाय नागपूरचे धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे एकवीस वर्षांनी झाले. क्षणिक सूचनावशतेच्या सिद्धान्ताने या दीर्घ प्रतीक्षेचा उलगडा होत नाही.

महाराष्ट्रातील चलत्प्रतिमेने समूहाकडे कोठून पाहिले, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो. नलिनी मलानी यांच्या ‘यूटोपिया’ (१९६९–७६) या व्हिडिओपूर्व, दुहेरी प्रक्षेपणाच्या कृतीत एका बाजूस आदर्श वसाहतीचे रंगीत स्वप्न आहे, तर दुसऱ्या बाजूस कृष्णधवल मुंबईकडे पाहणारी तरुणी. ‘कॅम्प’ या मुंबईच्या कलासमूहाने ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) मध्ये उंच इमारतीवरील पाळतीचा कॅमेरा वापरून सात पडद्यांवर शहर उलगडले. जमावावर नजर ठेवणारे साधन तेथे हळूहळू खाली झुकते आणि निनावी विस्तारातून वस्त्यांचे जगणे पुन्हा दिसू लागते.

आज येवल्याची बाजारपेठेतील ओळख पैठणीची आहे. हातमागावरचे विणकराचे श्रम ग्राहकाच्या दृष्टीस पडतात, ते वस्तूच्या अस्सलपणाची साक्ष म्हणून. एकाच गावात माग आणि मुक्तिभूमी शेजारी असणे समीक्षेला आव्हान देणारे आहे. समूहाचे चित्रण चंगळवादविरोधी आहे की नाही, हे केवळ उपरोधाच्या धारेवरून ठरू नये. चित्रित माणसांना ‘नको’ म्हणण्याची आणि ठराव करण्याची शक्यता ती प्रतिमा शिल्लक ठेवते काय, हा अधिक मूलगामी निकष आहे. ती शक्यता पुसणारी प्रतिमा, हेतू कितीही टीकात्म असला तरी, बाजाराचीच दृष्टी पुढे चालविते.